हुफनागलांकडचा थांबा

क्लेटन पोमरॉय स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाय ठेवून बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळत होता, आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको डॉरीन मटार सोलत होती.

"टेबलावरून पाय काढ," ती म्हणाली.

"दोनच बोटं राहिलीत."

"पट्टी लावायची राहिलीत, की पायालाच तेवढी राहिलीत?"

प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. गेल्या चार वर्षांत क्लेटनच्या पायांची इतकी नखं गळली होती की डॉरीन गालिचा झाडताना आधी वाकून बघत असे. क्लेटन औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. दिवसभर काउंटरमागे उभा. कधीतरी डॉक्टरांनी त्याला 'रोज थोडं चालत जा' असं सांगितलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. थोडं चालता चालता तो थोडा पळायला लागला, आणि पळता पळता अशा लोकांच्या तावडीत सापडला ज्यांना मॅरेथॉन म्हणजे अंग मोकळं करायचा प्रकार वाटतो. ही मंडळी रविवारी सकाळी हार्डवेअरच्या दुकानामागे जमत, डोंगरात नाहीशी होत आणि दुपारी चिखलाने माखून, लंगडत, भलतीच आनंदात परत येत. बाकीचे लोक जेवताना जे विषय टाळतात, म्हणजे फोड, उलट्या आणि पोटाच्या तक्रारी, ते सगळे ही मंडळी जेवतानाच बोलत. क्लेटनला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं की आपल्याला मित्र आहेत.

"लोक सुट्टीत समुद्रावर जातात," डॉरीन मटाराची शेंग फोडत म्हणाली. "तू जंगलात ओकायला जातोस."

"या वर्षी नाही ओकणार."

"गेल्या वर्षीही असंच म्हणाला होतास."

"गेल्या वर्षी ओकलो नव्हतो. गेल्या वर्षी उशीर झाला होता."

हेही खरं होतं. हेमलॉक हॉलोची पन्नास मैलांची शर्यत क्लेटनने दोनदा धरली आणि दोनदा सोडली होती. पहिल्या वर्षी पोटाने दगा दिला, दुसऱ्या वर्षी मुदतीने. आणि फार्मासिस्ट हरला की गावभर होतं, कारण खोकल्याचं औषध न्यायला प्रत्येकालाच यावं लागतं. "काय क्लेटन, या वेळी तरी पोचलास का?" हे ऐकत ऐकत त्याने वर्षभर गोळ्या मोजल्या होत्या. त्याला जिंकायचं नव्हतं. शेवटच्या कमानीखालून एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या पायांनी जायचं होतं.

"तू येशील ना संध्याकाळी कमानीपाशी?" त्याने विचारलं.

"येईन. गाडी कोण चालवणार मग?" डॉरीन म्हणाली. "पाय काढ."

शर्यतीच्या दिवशी पहाटे आयोजक रसेल टिबेट खोक्यावर चढून उभा राहिला. रसेलने हायस्कूलमध्ये जन्मभर भूमिती शिकवलेली. जगातली कुठलीही गोष्ट 'जवळपास' असू शकते हे त्याला मान्यच नव्हतं.

"नारिंगी फिती दिसतील तिकडे जा," त्याने भोंग्यातून सांगितलं. "नारिंगी टी-शर्टवाले दिसतील तिथे खा. मुदत टळली की थांबा. गाडीत बसलात की बाद. प्रश्न?"

कोणीतरी हात वर केला.

"प्रश्न नाहीत," रसेल म्हणाला आणि त्याने शिट्टी वाजवली.

बर्निस क्लेटनच्या शेजारीच पळायला लागली. सासष्ट वर्षांची ही काटक बाई पोस्टातून निवृत्त झालेली. तीस वर्षं घरोघर टपाल वाटताना तिच्यामागे इतकी कुत्री लागली होती की पळणं हा तिच्या नोकरीचाच भाग होता. ही शर्यत तिने इतक्यांदा पुरी केली होती की आता ती मोजतही नसे.

"ऐक," ती म्हणाली. "चौथ्या थांब्यावर पोट भरून खायचं. त्याच्यापुढे सैतानाचा जिना आहे, उभा चढ. रिकाम्या पोटी गेलास तर तिथेच बसून आईला हाका मारशील."

"आणि तू?"

"मी मागे मागे येते. मला घाई नाही, माझी कुत्री कधीच मेली."

पहिले तीन थांबे क्लेटनने मान खाली घालून पार केले. पोट रुसलेलं. चिकट गोड जेलची पाकिटं सोडली तर आत काही जात नव्हतं, आणि तीही जाऊन पस्तावत होती. पण तिसाव्या मैलाच्या आसपास पोटाचा रुसवा अचानक निघाला आणि त्याला अशी भूक लागली की वाटेतल्या झाडाची सालसुद्धा बरी दिसायला लागली. आगेमागे कोणी नव्हतं. बर्निस कुठेतरी मागे होती. आणि तेवढ्यात रस्ता फुटला.

डावीकडे दूरवर एका फांदीवर एक फीत लोंबत असावी, किंवा ते वाळलेलं पानही असेल. उजवीकडे मात्र झाडागणिक नारिंगी फिती, आणि त्याही नुसत्या नव्हे, फुलासारखी गाठ मारलेल्या. रसेल फितींच्या बाबतीत भलता कंजूष होता, मैलाला दोन म्हणजे डोक्यावरून पाणी. 'माणूस सुधारला,' असं क्लेटनच्या मनात आलं. त्याला भरून आलं आणि तो उजवीकडे वळला.

झाडी संपली तशी एक मोठी पत्र्याची शेड दिसली. शेडखाली लांबच लांब टेबलं, टेबलांवर झाकलेली भांडी, आणि चहूकडे नारिंगी टी-शर्ट घातलेली माणसं. हातात डाव घेतलेल्या एका गलेलठ्ठ बाईने त्याला पाहिलं आणि किंकाळी फोडली.

"आला! अगं बाई, आला गं आला!"

आधीच्या थांब्यांवर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. इथे त्या बाईने धावत येऊन, घामाचिखलासकट, त्याला कवटाळलं. क्लेटनचे डोळे ओले झाले. चौथ्या थांब्याची ख्याती त्याने ऐकली होती, पण ती इतकी असेल असं वाटलं नव्हतं.

आता घोटाळा असा होता की हा चौथा थांबा नव्हताच. हा हुफनागल घराण्याचा वार्षिक मेळावा होता. वरच्या पार्किंगमधून येणाऱ्या नातेवाइकांना शेड सापडावी म्हणून त्यांनी फिती बांधल्या होत्या, आणि हार्डवेअरच्या दुकानात त्या आठवड्यात एकाच रंगाच्या फिती शिल्लक होत्या. टी-शर्टांचं म्हणाल तर नारिंगी रंग हिल्डा आत्याचा आवडता. डाववाली ती हीच. त्यात, हिल्डा आत्याचा भाऊ रॉजर तरुणपणी भांडून ओहायोला निघून गेला होता आणि तिकडेच वारला होता. त्याचा मुलगा आज पहिल्यांदा मेळाव्याला येणार होता. त्याला इथल्या कोणीही पाहिलेलं नव्हतं. दुपारी त्याचा फोन आला, "गाडी बंद पडलीये, चालत येतो," आणि फोन कटला. तेव्हापासून अख्खं घराणं रस्त्याकडे डोळे लावून बसलं होतं. क्लेटनला यातलं कुठून काही माहीत असणार?

"चालत आलास?" हिल्डा आत्याने त्याचे खांदे धरून विचारलं.

"चढावर चाललो. बाकी पळत."

"ऐकलं का रे! पळत आलाय!"

टोपी घातलेला एक किडकिडीत म्हातारा पुढे आला. हा ओरविल काका. "किती लांबून?"

"एकतीस मैल झाले असतील," क्लेटन म्हणाला.

ओरविल काकाने टोपी काढली. "एकतीस मैल! आणि आपल्या घरची पोरं पार्किंगपासून इथवर यायला कुरकुरतात!"

मग मात्र क्लेटनला जमिनीवर पाय ठेवावा लागला नाही. त्याला आरामखुर्चीत बसवण्यात आलं. लोइस नावाच्या एका आत्याने, ती पूर्वी नर्स होती, त्याचे बूट काढले, मोजे सोलले आणि "हा पाय आहे की खिमा?" असं म्हणत घमेल्यात कोमट पाणी घेऊन तो धुवायला घेतला. दुसरीने पुढ्यात ताट ठेवलं. ताटात डुकराच्या मांडीचा भाजलेला हॅम, लोण्यात परतलेले कोबी-नूडल्स, मक्याचं कणीस, बीटच्या रसात मुरवलेली जांभळी अंडी आणि बटाट्याच्या सॅलडचा डोंगर. क्लेटनने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. एकीकडे एक आत्या पाय पुसत होती, दुसरीकडे दुसरी आत्या पीचचा गोड पाय कापून देत होती, आणि यातला कोणता पाय आपला याची शुद्ध त्याला राहिली नव्हती.

"अजून किती राहिलंय?" त्याने जरा वेळाने विचारलं.

"भरपूर राहिलंय," हिल्डा आत्या म्हणाली. "लाजू नकोस."

"आणि पुढे काय आहे?"

"पुढे आईस्क्रीम," ओरविल काका म्हणाला.

क्लेटनला सैतानाच्या जिन्याची अपेक्षा होती. त्याने समाधानाने मान डोलावली. रसेलने मार्ग बदलला असावा.

"माझा नंबर लिहून घेतलात ना?" त्याने आठवण करून दिली. थांब्यावर नंबर नोंदवला नाही तर रसेल बाद करतो.

हिल्डा आत्या त्याच्या छातीवर वाकली. "अठ्ठ्याऐंशी? लकी ड्रॉसाठी आम्ही एवढे नंबर छापलेच नाहीत. कोणी दिला तुला?"

"रसेलने."

"मार्व्हिनच्या रसेलने असेल," ओरविल काका म्हणाला. "त्याला काही सांगायला जावं तर तो वेगळंच करून ठेवतो."

"अगदी बरोबर," क्लेटन मनापासून म्हणाला.

एका चिठ्ठीवर अठ्ठ्याऐंशी लिहून ती टोपलीत टाकण्यात आली. मग हिल्डा आत्या खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. तिचा आवाज खाली आला.

"वडिलांचं शेवटी कसं झालं रे?"

क्लेटनचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. या बाईला कसं कळलं, असा प्रश्न त्याला क्षणभर पडला. बर्निसने सांगितलं असेल असं वाटून त्याने तो सोडून दिला. शिवाय या खेळात तिसाव्या मैलानंतर कोण कुणाच्या खांद्यावर का रडतं हे विचारायची पद्धत नाही.

"झोपेत गेले," तो म्हणाला. "रेडिओ चालूच होता."

"हट्टी होता."

"फार."

"स्वतःचंच खरं करायचा."

"नेहमी. पण मनाने चांगले होते."

"होता ना," हिल्डा आत्या म्हणाली आणि तिने एप्रन डोळ्यांना लावला. मग क्लेटनही रडला. दोन वर्षांत तो वडिलांसाठी रडला नव्हता. औषधाच्या दुकानात रडून कसं चालेल? इथे, पाय घमेल्यात आणि तोंडात अंडं असताना, ते सहज जमलं. लोइस आत्याने दोघांना एकेक पेपर नॅपकिन दिला आणि स्वतःही एक घेतला.

तेवढ्यात झाडीतून बर्निस आली. शेडच्या कडेला ती थबकली. तिने फितींच्या गाठी पाहिल्या, घमेल्यातले क्लेटनचे पाय पाहिले, आणि मग शेडच्या पलीकडच्या बाजूला बांधलेल्या भल्यामोठ्या फलकाकडे पाहिलं. क्लेटन मागच्या बाजूने आल्यामुळे तो फलक त्याला दिसलाच नव्हता.

"ही कोण?" ओरविल काकाने विचारलं.

"माझ्याबरोबरची," क्लेटन म्हणाला.

"बायको?"

"सासू असेल," लोइस आत्या म्हणाली.

"जवळपास," बर्निस म्हणाली आणि तिने ताट उचललं.

आईस्क्रीम आलं. लकी ड्रॉ झाला. हिल्डा आत्याने टोपलीत हात घातला आणि ओरडली, "अठ्ठ्याऐंशी!" सबंध घराण्याने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि क्लेटनच्या मांडीवर लहान मुलाएवढा एक अख्खा हॅम आणून ठेवण्यात आला. मग सगळ्यांचा फोटो झाला. फोटोत क्लेटन मधोमध, अनवाणी, हॅम कडेवर घेऊन.

फोटो संपून माणसं पांगतात न पांगतात तोच रस्त्याच्या बाजूने एक धिप्पाड माणूस आला. चांगले बूट धुळीने भरलेले, शर्ट अंगाला चिकटलेला, हातात पुठ्ठ्याच्या खोक्यात केक.

"माफ करा, फार उशीर झाला," तो धापा टाकत म्हणाला. "मी वेन्डेल. रॉजरचा मुलगा."

कुणाच्या तरी कोनातलं आईस्क्रीम फरशीवर पडलेलं ऐकू आलं. ऐंशी डोकी आधी वेन्डेलकडे आणि मग क्लेटनकडे वळली.

"मग हा कोण?" ओरविल काकाने विचारलं.

क्लेटन हॅम सांभाळत उभा राहिला. "मी... अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला.

बर्निसने तोंड पुसलं, त्याचे खांदे धरून त्याला शेडच्या पलीकडे नेलं आणि फलकासमोर उभं केलं. 'हुफनागल कुटुंब मेळावा. या, आपलेच आहात!' क्लेटनने तो दोनदा वाचला.

"तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"आल्याआल्याच."

"मग बोलली का नाहीस?"

"तोंडात अंडं होतं," बर्निस म्हणाली. "आणि ते सॅलड खाल्लंस ना? असल्या सॅलडसमोरून उठून जाणारी मी नाही."

क्लेटनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याने शर्यतीचं सगळं सांगितलं, थांबे, फिती, टी-शर्ट, रसेल, आणि हॅम परत टेबलावर ठेवला. हिल्डा आत्या त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"म्हणजे तू आमचा नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही आमच्या आहात," क्लेटन म्हणाला. "आमच्यात असंच असतं. कोणी विचारत नाही कुठला, कोणाचा. येईल त्याला बसवतात, खाऊ घालतात. मला जराही शंका आली नाही हो."

"आणि ते वडिलांचं?"

"ते खरं होतं. ते माझ्या वडिलांचं होतं."

हिल्डा आत्याने जरा विचार केला. "मग रडणं काही फुकट गेलं नाही," ती म्हणाली, आणि वेन्डेलकडे वळली. "तुझे वडील कसे गेले रे?"

"झोपेत," वेन्डेल गोंधळून म्हणाला. "हट्टी होते फार."

"बघा!" हिल्डा आत्या म्हणाली, आणि त्यालाही कवटाळून पुन्हा पहिल्यापासून रडायला लागली.

आता मात्र बर्निसने घाई केली. खऱ्या चौथ्या थांब्याची मुदत टळत आली होती.

"ट्रकमध्ये बसा, सोडतो," ओरविल काका म्हणाला.

"गाडीत बसलं की बाद," क्लेटन म्हणाला. "जिथे चुकलो तिथवर पायीच परत जायला हवं."

"आणि इथे हादडलं ते चालतं?"

"खाण्याबद्दल नियमात काही नाही," बर्निस म्हणाली.

लोइस आत्याने क्लेटनच्या पायांना अशा पट्ट्या बांधल्या की त्याच्या दुकानातल्या सगळ्या पट्ट्या लाजल्या असत्या. ओरविल काका आणि डझनभर हुफनागल त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला निघाले. नातेवाईक निघाला की फाटकापर्यंत जायचं ही त्यांची सवयच होती. फाट्यावर निरोप व्हायला पुन्हा वेळ गेला, कारण प्रत्येकाला मिठी मारायची होती.

खऱ्या चौथ्या थांब्यावर एकटा स्वयंसेवक टेबल मिटत होता. "अरे, तुम्ही जिवंत आहात? रसेल तुम्हाला हरवलेल्यांत धरतोय. अगदी वेळेत आलात. दोन केळी आहेत आणि कोला आहे, पण तो गरम झालाय."

"नको," क्लेटन म्हणाला. "पोट भरलंय."

स्वयंसेवकाने इतकी वर्षं थांबा सांभाळला होता, पण हे वाक्य त्याने कधी ऐकलं नव्हतं.

सैतानाचा जिना बदलला नव्हता. जसा होता तसाच, उभाच्या उभा होता. क्लेटन गुडघ्यांवर हात टेकत चढत होता, आणि प्रत्येक पावलागणिक आतून आवाज येत होते.

"सॅलड काही म्हणतंय का?" बर्निसने मागून विचारलं.

"गातंय," क्लेटन म्हणाला. मग थोडं वर गेल्यावर त्याने विचारलं, "बर्निस, आपण हे का करतो?"

बर्निसने एका दगडाला हात टेकून पाऊल वर घेतलं. तिला दम लागला होता.

"तीस वर्षं मी लोकांच्या दारापर्यंत गेले," ती म्हणाली. "पाऊस असो, बर्फ असो. चांगले लोक होते, हात करायचे. पण आत ये, बस, असं कोणी म्हटलं नाही. आणि इथे? इथे अनोळखी माणूस माझा मोजा काढतो आणि वर विचारतो, दुसरा काढू का? चल, पाय उचल."

"तू पुढे जा. माझ्यामुळे तुझी मुदत टळेल."

"मला शेवटची यायचंय. त्यालाही कसब लागतं. तू मध्ये येऊ नकोस म्हणजे झालं."

इकडे कमानीपाशी काय चाललं होतं ते क्लेटनला नंतर डॉरीनने सांगितलं, आणि सांगताना तिला हसू आवरेना. संध्याकाळ व्हायला लागली तशी बहुतेक मंडळी आपापली पदकं घेऊन पांगली. स्वयंसेवकही थकून घरी गेले. मैदानात रसेल, डॉरीन आणि एक कुत्रा एवढेच उरले. आणि मग एकामागून एक गाड्या आल्या आणि त्यांतून नारिंगी टी-शर्टवाल्यांची फौज उतरली. हुफनागल मंडळी क्लेटनचा हॅम द्यायला आली होती. तो टेबलावरच राहिला होता, आणि चिठ्ठी खरी निघाली होती म्हणजे हॅम त्याचाच, याबद्दल हिल्डा आत्याच्या मनात शंका नव्हती.

रसेलने नारिंगी टी-शर्ट पाहिले आणि तो उसळला.

"इतका वेळ होता कुठे तुम्ही?"

"जेवत होतो," ओरविल काका खरं तेच म्हणाला.

"जेवत होते! तुम्ही चौघं तो तंबू उतरवा. तुम्ही टेबलं मिटा. बाई, तो डाव ठेवा आणि खुर्च्या आवरा. आणि तुम्ही, टोपीवाले, त्या सगळ्या वायरी गुंडाळा. अंधार पडायच्या आत मैदान साफ पाहिजे."

घराण्याच्या मेळाव्यात कोणीतरी शिट्टी घेऊन ओरडणारा असतोच. हुफनागलांना त्याची सवय होती. ते निमूट कामाला लागले. डॉरीन मात्र आपल्या मनगटाकडे पाहत येरझारा घालत होती.

"अजून सात वाजले नाहीत," ती रसेलला म्हणाली. "माझा नवरा यायचाय. कमान उतरवू नका."

"सात वाजेपर्यंत कमान हलणार नाही," रसेल म्हणाला. "पण सात म्हणजे सात. आणि तुमचं घड्याळ दाखवू नका, बाई. माझंही मी बघत नाही. या शर्यतीत एकच वेळ आहे, ती त्या घड्याळातली."

त्याने बोट दाखवलं. कमानीवर शाळेच्या व्यायामशाळेतलं जुनं, परातीएवढं, काट्यांचं विजेचं घड्याळ टांगलेलं होतं. शाळेने ते टाकून दिलं तेव्हा रसेलने ते घरी नेऊन दुरुस्त केलं होतं, आणि ते कधी एक सेकंदही चुकलं नव्हतं.

क्लेटन आणि बर्निस झाडीतून बाहेर पडले तेव्हा ऊन कधीच डोंगरामागे गेलं होतं. डास सुटले होते. क्लेटनला कळून चुकलं होतं की उशीर झालाय. तरी तो पळत होता, कारण थांबायला जी ताकद लागते ती त्याच्यात उरली नव्हती. आणि मग मैदानातून गर्जना उठली. रिकामं, अंधारतं मैदान दिसेल असं त्याला वाटलं होतं. तिथे ऐंशी नारिंगी माणसं खुर्च्या आणि तंबूचे बांबू हातात घेऊन नाचत होती.

"आला! आला गं आला!"

क्लेटन कमानीखालून गेला आणि सरळ डॉरीनच्या अंगावर कोसळला. मागोमाग बर्निस आली, शेवटची, जशी ठरवून आली होती तशी.

रसेलने आकाशाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. घड्याळात सातला पाच कमी होते. तो जवळ गेला. मग त्याने खुर्चीवर चढून कान लावला.

"हे बंद आहे!"

"तुम्हीच म्हणालात, वायरी गुंडाळा," ओरविल काका म्हणाला. काखेत त्याने वायरीचं सुबक भेंडोळं धरलं होतं. "प्लग काढल्याशिवाय कशी गुंडाळणार?"

"मला वाटतं आम्हाला जरा उशीरच—" क्लेटन प्रामाणिकपणे बोलायला लागला, पण बर्निसने त्याच्या दुखऱ्या पायावर पाय दिला आणि वाक्य किंकाळीत संपलं.

"या शर्यतीत एकच वेळ आहे ना?" डॉरीनने गोड आवाजात विचारलं. "त्या घड्याळातली?"

रसेलने घड्याळाकडे, वायरीकडे, डॉरीनकडे आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. त्याच्यासारख्या माणसाला स्वतःच मांडलेल्या गोष्टीतून पळ काढता येत नव्हता. अखेर त्याने खिशातून पदक काढलं आणि क्लेटनच्या गळ्यात घातलं.

"सिद्ध," तो म्हणाला.

खरे किती वाजले होते ते एकट्या डॉरीनला माहीत आहे. क्लेटनने पुष्कळदा विचारलं. ती सांगत नाही.

रात्री गाडीत क्लेटन मागच्या सीटवर हॅमला मिठी मारून झोपला. रसेल मात्र जागा राहिला. इतके शिस्तीचे स्वयंसेवक त्याला जन्मात मिळाले नव्हते. आठवड्याभरात त्याने हिल्डा आत्याचा पत्ता मिळवला आणि पुढच्या वर्षीचा चौथा थांबा अधिकृतपणे हुफनागलांच्या शेडमध्ये हलवला. हिल्डा आत्याने एकच अट घातली, ती म्हणजे ताटातलं संपवल्याशिवाय कोणालाही उठू देणार नाही.

त्या वर्षी हेमलॉक हॉलोच्या इतिहासात सगळ्यात कमी माणसं कमानीपाशी पोचली. पुढचे पाचसहा जण आले, आणि मग रस्ता ओस पडला. रसेल घड्याळाखाली उभा राहून थांब्यावर फोन लावत होता आणि तिकडून नुसता हसण्याचा गलका ऐकू येत होता. शेवटी डॉरीन वैतागून गाडी काढून वर गेली.

शेडसमोरच्या गवतावर रस्सीखेच रंगात आली होती. एका बाजूला पेनसिल्व्हेनिया, म्हणजे इथली मंडळी, दुसऱ्या बाजूला ओहायो, म्हणजे वेन्डेलची. शर्यतीतले निम्मे लोक अनवाणी पायांनी दोरीला लोंबकळत होते. पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला अगदी पुढे क्लेटन होता, तोंडाला सॅलड लागलेलं, छातीवरचा नंबर उलटा झालेला. त्याच्यामागे बर्निस "खेच लेका!" म्हणून ओरडत होती.

"क्लेटन!" डॉरीन ओरडली. "अरे, शर्यत!"

"चालू आहे!" क्लेटनही ओरडला. "ही जिंकतोय आपण!"

दुसऱ्या बाजूला वेन्डेल आणि चारपाच जण मातीत टाचा रोवून घसरत चालले होते. डॉरीनने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने पर्स हिल्डा आत्याच्या हातात दिली, सँडल काढल्या, आणि ओहायोच्या बाजूने दोर धरला.

ओहायो जिंकलं.